बर्फावरचा न्यायनिवाडा

अमेरिका आणि कॅनडातल्या व्यावसायिक आइस हॉकीत एप्रिल २०१२मध्ये सहा दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या. ११ तारखेला सामना संपत असताना नॅशव्हिल संघाच्या शे वेबरने डेट्रॉइटच्या हेन्रिक झेटरबर्गचे डोके मागून धरले आणि मैदानाभोवतीच्या काचेवर आपटले. १७ तारखेला फिनिक्सच्या राफी टोरेसने शिकागोच्या मॅरियन होसाला इतक्या जोरात धडक दिली की होसाला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. दोन्ही प्रकरणे एकाच अधिकाऱ्यापुढे गेली. त्याने वेबरला २,५०० डॉलर दंड केला आणि टोरेसला २५ सामन्यांची बंदी घातली. टोरेसची बंदी पुढे अपिलात २१ सामन्यांवर आली. वेबरने मात्र तीनच महिन्यांनी १४ वर्षांचा आणि ११ कोटी डॉलरचा करार केला.

टोरेसची कृती हे खेळातल्याच एका वैध क्रियेचे बेकायदा टोक होते. अंगावर जाऊन प्रतिस्पर्ध्याला रोखणे या खेळात मान्य आहे. टोरेसने त्याची मर्यादा ओलांडली. वेबरने जे केले त्याचा हॉकीशी काही संबंधच नव्हता. ते रस्त्यावर केले असते तर पोलीस आले असते. मग हलकी शिक्षा त्याला का? अधिकाऱ्याच्या स्पष्टीकरणातले एक कारण असे होते, की झेटरबर्गला दिसण्याजोगी दुखापत झाली नव्हती. झेटरबर्ग उठला, पुढचा सामनाही खेळला. होसा उठला नाही.

खेळांची नियमपुस्तके वाचण्याचा मला जुना नाद आहे. मी क्रीडापत्रकार नाही आणि कायद्याची पदवीही माझ्याकडे नाही. नोकरी सांभाळून कबड्डी, क्रिकेट, फुटबॉल, मुष्टियुद्ध अशा खेळांचे नियम आणि त्यांतल्या शिक्षांची प्रकरणे गेली वीसेक वर्षे वाचत आलो आहे. या वाचनातून एक गोष्ट मनात पक्की झाली. नियमांवरून खेळ कसा खेळायचा ते कळते. खेळ चालवणाऱ्यांना कशाची किंमत वाटते, ते शिक्षांवरून कळते. या दृष्टीने पाहिले तर उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगइतके बोलके उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही. तिथल्या शिक्षांमध्ये मेळ नाही, ही तक्रार तिथे प्रेक्षकांपासून संघमालकांपर्यंत सगळे करतात. ही विसंगती कुणाच्या लहरीतून आलेली नसून ती व्यवस्थेतच विणलेली आहे, असे माझे म्हणणे आहे. ते कसे, हे क्रमाने पाहू.

खेळ आणि त्यातली मुभा

आपल्याकडे आइस हॉकी म्हटली की लडाखमधली गोठलेली तळी आठवतात. २०२५मध्ये भारतीय महिलांनी आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवले, तेव्हा या खेळाचे नाव काही दिवस आपल्या वर्तमानपत्रांत होते. लीगचा व्यावसायिक खेळ मात्र याहून खूप वेगळा आहे. साधारण २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद अशी बर्फाची आयताकृती रिंक असते. तिच्याभोवती फळ्यांचे कुंपण आणि त्यावर जाड काच असते. प्रत्येक बाजूला पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक असतो. चेंडूऐवजी कडक रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. पायांत धारदार स्केट, हातात काठी आणि अंगात पळणाऱ्या माणसाला कधीच गाठता येणार नाही असा वेग. पक ज्याच्याकडे आहे त्याला खांद्याने, छातीने, कमरेने धडक देऊन पाडणे हे नियमाला धरूनच असते.

नियम मोडला तर खेळाडूला ‘पेनल्टी बॉक्स’मध्ये बसवतात. साध्या गुन्ह्याला दोन मिनिटे, मोठ्याला पाच मिनिटे. तेवढा वेळ त्याचा संघ सहसा एक माणूस कमी घेऊन खेळतो. कबड्डीत पिवळे कार्ड मिळालेला खेळाडू दोन मिनिटे बाहेर बसतो, ती कल्पना इथे लागू पडते. मात्र कबड्डीत कुठेच नसलेली एक गोष्ट इथे आहे. दोन खेळाडूंनी हातमोजे फेकून उघड मुष्टियुद्ध केले, तर दोघांना पाच-पाच मिनिटे बसवतात आणि नंतर ते पुन्हा खेळायला येतात. मारामारी चालू असताना पंच बाजूला उभे राहतात आणि कुणीतरी खाली पडले की मध्ये पडतात. म्हणजे मारामारी नियमबाह्य आहे आणि तिचा दरही ठरलेला आहे.

नियमपुस्तकातले आणखी एक कलम लक्षात ठेवण्यासारखे आहे. चुकून काठी उंच गेली आणि प्रतिस्पर्ध्याच्या तोंडाला लागली, तर दोन मिनिटे. तीच काठी तशीच चुकून लागली आणि जखम झाली, तर चार मिनिटे. व्यवहारात रेफरी ओठातून रक्त आले आहे का ते पाहतात. कृत्य तेच, हेतू तोच. शिक्षा रक्तावर ठरते. पुढच्या साऱ्या गोंधळाचे बीज या छोट्या कलमात आहे.

मोंट्रियलची रात्र

लीगची स्थापना १९१७ची. पहिली कित्येक दशके शिस्तीचा अधिकार एकाच माणसाच्या, म्हणजे लीगच्या अध्यक्षाच्या हातात होता. डिसेंबर १९३३मध्ये बॉस्टनच्या एडी शोअरने टोरोंटोच्या एस बेलीला मागून पाडले. बेलीची कवटी फुटली. तो वाचला, पण पुन्हा खेळला नाही. शोअरला १६ सामन्यांची बंदी मिळाली. दोन महिन्यांनी बेलीच्या मदतीसाठी एक सामना भरवला गेला, त्यात दोघांनी हस्तांदोलन केले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. एका माणसाची कारकीर्द संपली होती, तिचा हिशेब हस्तांदोलनाने पुरा झाला.

या अधिकाराची खरी कसोटी १९५५मध्ये लागली. मोंट्रियलचा मॉरिस रिशार हा त्या काळचा सर्वांत लाडका खेळाडू होता. पन्नास सामन्यांत पन्नास गोल करणारा तो पहिलाच. शिवाय तो फ्रेंच भाषक. लीगचे मालक आणि अधिकारी बहुतांशी इंग्रजी भाषक असल्यामुळे क्यूबेकच्या सामान्य माणसाला त्याच्यात आपले रूप दिसे. १३ मार्चला बॉस्टनमध्ये हॅल लेको याची काठी रिशारच्या डोक्याला लागली. रिशारने काठीने लेकोला मारले, आणि आवरायला आलेल्या क्लिफ थॉम्प्सन या लाइन्समनच्या तोंडावर गुद्दे घातले. अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल स्वतः वकील आणि माजी रेफरी. त्यांनी रिशारला हंगामातले उरलेले सामने आणि संपूर्ण प्लेऑफ यांतून बाद केले.

दुसऱ्याच दिवशी, १७ मार्चला, कॅम्पबेल मोंट्रियलच्या फोरम मैदानावर सामना पाहायला जाऊन बसले. लोकांनी त्यांच्यावर अंडी-टोमॅटो फेकले, आत अश्रुधुराचे नळकांडे फुटले, सामना सोडून द्यावा लागला आणि सेंट कॅथरीन रस्त्यावर रात्रभर दुकाने फुटली. रिशारचे त्या हंगामातले गुणांचे विजेतेपद त्याच्याच संघातल्या बर्नी जॉफ्रियोंने एका गुणाने नेले. ते विजेतेपद रिशारला पुढेही कधी मिळाले नाही.

कॅम्पबेल यांची शिक्षा अन्यायाची होती का? पंचाला मारणाऱ्याला बाद करणे कोणत्याही खेळात योग्यच ठरले असते. तरीही शहर पेटले, कारण ही शिक्षा कोणत्या मापाने मोजली ते कुणाला ठाऊक नव्हते. लिहिलेले कोष्टक नव्हते आणि अपील करायला दुसरी जागाही नव्हती. अशा वेळी लोक निकालामागे निकाल देणाऱ्याची जात, भाषा आणि हेतू शोधू लागतात. आपल्यालाही हे अनोळखी नाही. २००१च्या नोव्हेंबरमध्ये पोर्ट एलिझाबेथच्या कसोटीत चेंडूच्या शिवणीच्या प्रकरणावरून सामनाधिकारी माइक डेनेस यांनी सचिन तेंडुलकरला आणि इतर कारणांवरून आणखी पाच भारतीय खेळाडूंना एकदम शिक्षा केल्या. तेव्हा इथे जो भडका उडाला, त्यातही नियमाची चर्चा थोडी आणि डेनेस यांच्या हेतूची चर्चा अधिक होती. प्रकरण इतके ताणले की पुढची सेंच्युरियनची कसोटी अधिकृत धरली गेली नाही.

अलिखित कायदा

जिथे लिखित कायद्यावर भरवसा नसतो तिथे अलिखित कायदा उभा राहतो. हॉकीत त्याला ‘कोड’ म्हणतात. आमच्या प्रमुख खेळाडूला तुम्ही घाणेरडी धडक दिलीत, तर आमचा माणूस तुमच्याकडे येईल. तुम्ही त्याच्याशी समोरासमोर लढलात की हिशेब मिटला, असा त्याचा आशय. त्यासाठी प्रत्येक संघ एक-दोन धिप्पाड खेळाडू बाळगत असे. त्यांना ‘एन्फोर्सर’ म्हणत. गोल करणे त्यांचे मुख्य काम नव्हतेच. हे लोक आहेत म्हणून घाणेरडा खेळ आटोक्यात राहतो, असे जुने खेळाडू आजही सांगतात.

कोडची परीक्षा २००४मध्ये झाली. १६ फेब्रुवारीला कोलोरॅडोच्या स्टीव्ह मूरने व्हँकुव्हरचा कर्णधार मार्कस नॅसलंड याला डोक्याला लागेल अशी धडक दिली. रेफरींनी पेनल्टी दिली नाही आणि लीगनेही नंतर काही कारवाई केली नाही. नॅसलंड तीन सामने खेळू शकला नाही. व्हँकुव्हरच्या गोटातून बदल्याची भाषा उघडपणे सुरू झाली. ८ मार्चला दोन्ही संघ व्हँकुव्हरमध्ये समोरासमोर आले. पहिल्याच सत्रात मूरने मॅट कुक याच्याशी मुष्टियुद्ध केले. कोडप्रमाणे त्याचे देणे फिटले होते. पण सामना एकतर्फी होत गेला, आणि तिसऱ्या सत्रात कोलोरॅडो ८–२ असे पुढे असताना टॉड बर्टुझीने मूरचा पाठलाग केला, मागून जर्सी धरली, डोक्याच्या बाजूला गुद्दा मारला आणि त्याच्यासकट बर्फावर कोसळला. वरून आणखी खेळाडू पडले. मूरच्या मानेचे तीन मणके मोडले.

मूर तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. हार्वर्डमधून शिकून आलेला, लीगमधला त्याचा तो पहिलाच पूर्ण हंगाम होता. तो पुन्हा कधीही व्यावसायिक सामना खेळला नाही. बर्टुझीचे हंगामातले १३ सामने आणि प्लेऑफ बुडाले. पुढचा संपूर्ण हंगाम मालक-खेळाडूंच्या वादामुळे कुणाचाच झाला नाही, आणि ऑगस्ट २००५मध्ये त्याला परत घेण्यात आले. फौजदारी न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला. त्याला सशर्त मुक्तता, एक वर्षाची देखरेख आणि ८० तास समाजसेवा एवढी शिक्षा झाली. २००६च्या हिवाळी ऑलिंपिकला तो कॅनडाकडून खेळला आणि लीगमध्ये २०१४पर्यंत राहिला. मूरने लावलेला नुकसानभरपाईचा दावा त्याच वर्षी न्यायालयाबाहेर मिटला. दशकभर चाललेल्या त्या दाव्यात बर्टुझीने एका टप्प्यावर आपल्याच प्रशिक्षकावर जबाबदारी टाकणारा अर्ज केला होता, तो नंतर मागे घेतला.

या प्रकरणात सगळे लक्ष ८ मार्चच्या गुद्द्यावर जाते. मला १६ फेब्रुवारीच्या मौनाचे महत्त्व अधिक वाटते. त्या दिवशीची धडक वैध होती असे लीगला वाटले असेल, तर का वाटले हे स्पष्ट सांगायला हवे होते. अवैध वाटली असेल तर दोन-तीन सामन्यांची बंदी पुरेशी होती. दोन्हींपैकी काहीच पटेल असे झाले नाही, म्हणून निवाड्याचे काम खेळाडूंनी हातात घेतले. कोड हा न्यायाचा पर्याय आहे असे जे म्हणतात, त्यांनी हे पाहावे की मूरने कोडप्रमाणे देणे दिल्यावरही त्याला सोडले गेले नाही. अलिखित कायद्यात वसुली कधी पुरी झाली हे ठरवणाराही वसुली करणाराच असतो.

कोडची किंमत एन्फोर्सरांनीही मोजली. मे २०११मध्ये डेरेक बूगार्ड २८व्या वर्षी वेदनाशामक गोळ्या आणि दारू यांच्या एकत्र परिणामाने मेला. त्याच्या मेंदूची तपासणी झाली तेव्हा वारंवार आघात झालेल्या मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूत आढळणारा विकार त्यात सापडला.

नवे खाते, जुने मोजमाप

१९९८पासून शिस्तीचे काम कॉलिन कॅम्पबेल पाहत होते. (क्लॅरेन्स कॅम्पबेल यांचे ते नातलग नव्हेत.) त्यांचा मुलगा ग्रेगरी लीगमध्येच खेळत असे. मुलाच्या संघाच्या प्रकरणांत ते निवाडा करत नसत, हे खरे. पण २०१०मध्ये एका बडतर्फ रेफरीच्या कामगार-दाव्यातून त्यांचे जुने ईमेल बाहेर आले. त्यांत मुलाला मिळालेल्या पेनल्टीबद्दल नाराजी होती आणि मार्क सवार्ड या खेळाडूबद्दल तुच्छतेचे शब्द होते. त्याच वर्षी मार्चमध्ये मॅट कुकने याच सवार्डला बाजूने येऊन डोक्यावर धडक दिली होती, आणि तशा धडकेविरुद्ध नियमच नाही म्हणून कुकला काहीही शिक्षा झाली नव्हती. नियम मग घाईने करण्यात आला. ईमेलांचा आणि त्या निकालाचा संबंध होता असे मी म्हणत नाही. ते लिहिले गेले होते कित्येक वर्षे आधी. पण निवाडा करणाऱ्याविषयी संशयाला जागा असली की बरोबर निकालही संशयित ठरतो.

२०११मध्ये लीगने खेळाडू-सुरक्षेचे स्वतंत्र खाते काढले आणि ब्रेंडन शॅनहन या नामांकित माजी खेळाडूला प्रमुख नेमले. या खात्याने एक चांगली प्रथा पाडली. प्रत्येक बंदीबरोबर चित्रफीत प्रसिद्ध होते: धडक संथ गतीने दाखवली जाते, कोणते कलम मोडले आणि शिक्षेसाठी काय विचारात घेतले ते सांगितले जाते. अशा शेकडो चित्रफिती मी पाहिल्या आहेत. त्या पाहताना न्यायालयाचे निकाल वाचल्यासारखे वाटते, आणि न्यायालयात जे नसते तेही हळूहळू दिसू लागते.

लीग आणि खेळाडू-संघटना यांच्या करारात शिक्षेचे निकष लिहिलेले आहेत: कृत्याचे स्वरूप, प्रतिस्पर्ध्याला झालेली इजा, खेळाडूचा पूर्वेतिहास, सामन्यातली परिस्थिती आणि इतर योग्य बाबी. कोणत्या निकषाला किती वजन, हे कुठेच लिहिलेले नाही. चित्रफिती पाहता इजेचे वजन सर्वांत जास्त पडते. इजा मोजणे पूर्ण चूक आहे असे नाही; आपल्या फौजदारी कायद्यातही साधी दुखापत आणि गंभीर दुखापत यांना वेगवेगळी शिक्षा आहे. पण बर्फावर दोन माणसे वेगाने एकमेकांवर आदळतात, तेव्हा मणका मोडेल की नुसते खरचटेल हे पुष्कळदा एखाद्या इंचावर असते. हेतू मारणाऱ्याच्या हातात असतो, परिणाम नसतो. शिक्षा परिणामाला बांधली की खेळाडू एकच धडा शिकतो: मारा, फक्त तो उठेल असे मारा.

पूर्वेतिहासाची गंमत वेगळीच आहे. खात्याचा विचार दोन पायऱ्यांनी चालतो. आधी ठरते की हे कृत्य स्वतःच्या जोरावर बंदीला पात्र आहे का. पात्र असेल तरच जुने गुन्हे पाहायचे. वॉशिंग्टनच्या टॉम विल्सनला २०१८मध्ये सराव-सामन्यातल्या धडकेसाठी २० सामन्यांची बंदी मिळाली आणि बारा लाख डॉलरहून अधिक वेतन बुडाले. मार्च २०२१मध्ये त्याला पुन्हा सात सामने बाहेर बसवले गेले. दोनच महिन्यांनी, ३ मे रोजी, न्यूयॉर्क रेंजर्सविरुद्धच्या झटापटीत त्याने बर्फावर पालथ्या पडलेल्या पावेल बुच्नेविचला गुद्दा मारला आणि आर्तेमी पानारिनला उचलून आपटले. पानारिन हंगामातले उरलेले सामने खेळू शकला नाही. विल्सनला दंड झाला ५,००० डॉलर. एवढ्या इतिहासाच्या माणसाला एवढेच? पण पहिल्या पायरीवर हे कृत्य ‘झटापट’ ठरले. त्यामुळे दुसऱ्या पायरीवरचा इतिहास उघडलाच गेला नाही.

रेंजर्सनी जाहीर पत्रक काढून खात्याचे तेव्हाचे प्रमुख जॉर्ज पॅरोस या पदाला लायक नाहीत असे म्हटले. त्या पत्रकासाठी लीगने रेंजर्सना अडीच लाख डॉलर दंड केला. पडलेल्या माणसाला मारण्याच्या पन्नासपट किंमत खात्यावर टीका करण्याला पडली. आणि ५ मे रोजी दोन्ही संघ पुन्हा समोर आले तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत सहा मारामाऱ्या झाल्या. कोड परत आला होता. व्हँकुव्हरनंतर सतरा वर्षांनी तीच गोष्ट: खात्याने न केलेला निवाडा खेळाडूंनी केला. यावेळी कुणाची मान मोडली नाही, एवढेच.

तराजू कुणाच्या हातात

दंडाची रक्कम एवढी लहान का, याचे उत्तर सोपे आहे. तिची कमाल मर्यादा करारात ठरलेली असते. ती वाढवायची तर खेळाडू-संघटनेची संमती लागते, आणि दंड भरणारे तिचेच सभासद असतात. मार खाणारेही तिचेच सभासद असतात; पण सुनावणीत संघटना उभी राहते ती आरोपीच्या बाजूने. जखमी खेळाडू त्या सुनावणीत पक्षकार नसतो.

सुनावणीचेही दोन प्रकार आहेत. फोनवर घेतली तर पाच सामन्यांपर्यंतच बंदी देता येते. त्याहून जास्त द्यायची तर समक्ष सुनावणीसाठी बोलावावे लागते. म्हणजे आरोपीचे म्हणणे ऐकण्याआधीच शिक्षेची वरची मर्यादा ठरून जाते. अपील जाते लीगच्या आयुक्तांकडे. १९९३पासून हे पद गॅरी बेटमन यांच्याकडे आहे. खात्याचा प्रमुख त्यांच्याच हाताखाली असतो, आणि ते स्वतः संघमालकांनी नेमलेले. सहा किंवा अधिक सामन्यांची बंदी असेल तरच २०१३च्या करारानुसार प्रकरण बाहेरच्या तटस्थ लवादाकडे नेता येते. एक ते पाच सामन्यांच्या शिक्षांना, म्हणजे बहुसंख्य शिक्षांना, घराबाहेरचा डोळा कधी दिसतच नाही.

तटस्थ डोळा लागला की काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. विल्सनची २०१८ची बंदी बेटमन यांनी कायम केली होती. श्याम दास या लवादाने ती २०वरून १४वर आणली. निकाल लागेपर्यंत विल्सनचे १६ सामने भरले होते. जानेवारी २०१६मध्ये कॅल्गरीच्या डेनिस वाइडमनने डॉन हेंडरसन या लाइन्समनला मागून काठीने पाडले. स्वतः वाइडमनला काही क्षण आधी डोक्याला मार बसला होता. त्याला २० सामन्यांची बंदी मिळाली, बेटमन यांनी ती कायम केली आणि जेम्स ओल्डहॅम या लवादाने १०वर आणली. तोवर १९ सामने होऊन गेले होते. लीग न्यायालयात गेली आणि हरली. हेंडरसन पुन्हा कधी बर्फावर उतरला नाही.

वाइडमन प्रकरणात माझे लक्ष वेधले ते वेगळ्याच गोष्टीने. इथे २० आणि १० हे आकडे हवेतून आले नव्हते. पंचावर हात टाकण्याच्या गुन्ह्याला नियमपुस्तकात तीन वर्ग आहेत: इजा करण्याच्या हेतूने मारले तर किमान २० सामने, तसा हेतू नसताना बळ वापरले तर किमान १०, आणि किरकोळ धक्काबुक्कीला किमान तीन. भांडण होते ते फक्त वाइडमनचे कृत्य कोणत्या वर्गात बसते याचे. हेतू आधी पाहायचा, आकडा आधीच लिहिलेला, तपासायला बाहेरचा माणूस. म्हणजे न्यायाची सुसंगत चौकट कशी बांधायची हे लीगला चांगले ठाऊक आहे. तिने ती पंचांसाठी बांधली आहे, खेळाडूंसाठी बांधलेली नाही.

हे का, याचे माझ्यापुरते उत्तर असे. पंचावरचा हल्ला कुणीही तिकीट काढून पाहायला येत नाही. खेळाडूंमधल्या हाणामारीचे तसे नाही. धडका आणि मारामाऱ्या हा विक्रीचा माल आहे. लीगला तो हवा आहे, पण त्यातला स्ट्रेचर नको आहे. अशा व्यवस्थेत कृत्याला शिक्षा करणे म्हणजे मालावरच बंदी घालणे. त्यापेक्षा परिणामाला शिक्षा करणे सोयीचे: खेळ चालू राहतो, आणि कुणी गंभीर जखमी झालेच तर ‘आम्ही कडक कारवाई केली’ असे दाखवता येते. शॅनहन गेले, पॅरोस आले. प्रिन्स्टनमध्ये शिकलेले पॅरोस स्वतः एन्फोर्सर होते आणि २०१३मध्ये एका मारामारीत तोंडावर आपटून स्ट्रेचरवरून बाहेर गेले होते. या दुखण्याची माहिती त्यांच्याइतकी कुणाला असणार? तरी शिक्षांचा ढंग बदलला नाही. अधिकारी चांगला आहे की वाईट, हा मूळ प्रश्नच नाही.

दुसरी वाट अशक्य नाही. क्रिकेटने डेनेस प्रकरणानंतर आणि २००८च्या सिडनीतल्या हरभजन सिंगच्या प्रकरणानंतर हळूहळू गुन्ह्यांचे चार स्तर, प्रत्येक स्तराच्या शिक्षेच्या मर्यादा आणि २०१६पासून दोषांकांची पद्धत आणली. चोवीस महिन्यांत चार दोषांक झाले की बंदी. नाव कोणतेही असो. क्रिकेटचा न्याय निर्दोष झाला असे नाही. पण शिक्षा झाल्यावर आज क्रिकेटरसिक दोषांक मोजतो, पूर्वी तो हेतू मोजत असे. हॉकीतही कृत्यांचे वर्ग, प्रत्येक वर्गाची किमान शिक्षा, इजेला दुय्यम स्थान आणि लहान शिक्षांनाही तटस्थ अपील एवढे केले, तर धडकांचा वेग आणि रग तशीच राहूनही पुष्कळ फरक पडेल.

शिक्षा कडक हवी, असा सूर अशा चर्चेत नेहमी लागतो. एवढी प्रकरणे वाचल्यावर मला कडकपणापेक्षा शिक्षेचा अंदाज आधी येणे अधिक मोलाचे वाटते. शिक्षा लहान असली तरी ती नक्की होणार आणि सगळ्यांना सारखी होणार हे ठाऊक असेल, तर मार खाल्लेला संघ निवाड्याची वाट पाहतो. ती नक्की नसेल तर तो पुढच्या सामन्याची तारीख पाहतो. फेब्रुवारी २००४मध्ये व्हँकुव्हरच्या खेळाडूंनी अशीच एक तारीख पाहिली होती.